खणांच्या कपाटाची साक्ष

लाकडी सामानाला दप्तर नसते. किल्ल्याला शिलालेख असतो, देवळाला सनद असते, वाड्याला खरेदीखत असते. पण ती सनद आणि ते खरेदीखत ज्या पेटीत पिढ्यानपिढ्या जपले गेले, त्या पेटीचा कागद मात्र सहसा कोठेही सापडत नाही. ती कोणी घडविली, कोणत्या साली घडविली, तिला किती दाम पडले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दप्तरखान्यात मिळत नाही. जे काही उत्तर असेल ते त्या वस्तूच्याच अंगावर असते. तळाशी, पाठीशी आणि खणांच्या आत, जेथे पाहुण्याची दृष्टी कधी जात नाही तेथे. म्हणून जुन्या लाकडी सामानाची परीक्षा कशी करावी आणि त्याची निगा कशी राखावी, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसले तरी वस्तुतः एकच आहेत. परीक्षा म्हणजे ती साक्ष वाचणे आणि निगा म्हणजे ती साक्ष पुसू न देणे. गोव्यात सतराव्या शतकात घडविल्या गेलेल्या खणांच्या कपाटांच्या बाबतीत ही गोष्ट जितकी स्पष्ट होते, तितकी क्वचितच अन्यत्र होत असेल.

या कपाटाला पोर्तुगीज भाषेत ‘कोंतादोर’ म्हणतात. त्याच्या शेजाऱ्यांची नावेही त्याच भाषेतली आहेत. चर्चच्या वस्त्रागारात धर्मगुरूंची वस्त्रे ठेवण्याचे लांबट, बसके, मोठ्या खणांचे कपाट म्हणजे ‘अर्काझ’. आणि घरात कपडे ठेवण्याचे, मागाहून रूढ झालेले कपाट म्हणजे ‘कोमोदा’. ही नावे मराठीत रुळली नाहीत. पण त्यांच्यासोबत आलेले इतर शब्द मराठीच्या अंगी असे मुरले की ते परके होते याची आठवणही उरली नाही. सुताराला आदराने म्हणतात तो ‘मेस्त्री’, कुलपात फिरते ती ‘चावी’ आणि भांडी वा पुस्तके ठेवायची ती ‘अलमारी’, हे तिन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. मराठी घरात त्यापूर्वी वस्तू ठेवण्याची सोय नव्हती असे मुळीच नाही. भिंतीत कोनाडे व फडताळे होती, जमिनीवर पेटारे व संदुका होत्या. मात्र ओढून बाहेर काढता येणाऱ्या खणांचे मोठे कपाट हा प्रकार नवा होता.

खण ही कल्पना आज इतकी साधी वाटते की ती कोणाला सुचावी लागली असेल, हेच ध्यानात येत नाही. पेटीचा दोष असा की तळाची वस्तू हवी असली तर वरची प्रत्येक वस्तू बाहेर काढावी लागते. युरोपात सतराव्या शतकात मोठ्या पेटीच्या बुडाशी एक-दोन खण बसविण्याची चाल वाढली. हळूहळू खण वर चढत गेले, झाकण नाहीसे झाले आणि पेटीचे कपाट झाले. त्याआधीच जर्मनीतील ऑग्सबुर्ग आणि न्यूरेंबर्ग या नगरांत लहान लहान खणांची, पुढे फळी पाडून लिहिण्याची सोय असलेली कपाटे प्रसिद्ध झाली होती. कागदपत्रे, नाणी, जवाहीर, मसाल्याचे नमुने अशा वस्तू वेगवेगळ्या ठेवणे ही व्यापाऱ्याची आणि अंमलदाराची गरज होती आणि सोळाव्या शतकात पौर्वात्य समुद्रावर वावरणारा पोर्तुगीज हा बहुधा या दोहोंपैकी एक असे. सन १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने गुजरातेत जर्मन धर्तीवर होणाऱ्या, हस्तिदंत व शिंपल्याच्या कामाने नटलेल्या कपाटांची तोंडभर स्तुती केली आहे. नमुना परदेशी आणि हात देशी, अशी ही जोडणी त्या वेळी पक्की झाली होती.

गोव्यात १५१० साली पोर्तुगीज सत्ता आली आणि जुने गोवे हे पूर्वेकडील पोर्तुगीज राज्याची राजधानी झाले. व्हाइसरॉय, बिशप, धर्मसंघ आणि सावकार यांच्या वास्तूंना सामान हवे होते. माल मुबलक होता. पश्चिम किनाऱ्यावरचा साग होता. वसई आणि दमण या ठाण्यांतला हा साग जहाजबांधणीसाठी नावाजलेला होता. घाटाखालचे व घाटावरचे शिसवी होते, काळाभोर आबनूस समुद्रमार्गे येत होता आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मोझांबिकमार्गे हस्तिदंत उतरत होता. या सर्वांतून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोंतादोर आपल्या ठाशीव रूपाला पोहोचले. सागाचा सांगाडा, त्यावर आबनूस व शिसवी यांचे जडावाचे काम, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची व ताऱ्यांची भूमितीसारखी नक्षी, मधूनमधून हस्तिदंताचे ठिपके, आणि कुलपांभोवती व कोपऱ्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या जाळीदार पट्ट्या. समोरून पाहता वीस-पंचवीस सारखे लहान खण दिसतात. ओढू गेले म्हणजे कळते की त्यांतले दोन-तीन मिळून एकच मोठा खण आहे. दर्शनी शिस्त राखून आतली सोय साधण्याची ही युक्ती होती.

या कपाटाखालचा चौरंग तर आणखी बोलका आहे. पुष्कळदा त्याचे चार पाय म्हणजे चार नागिणी असतात. वरचे अंग स्त्रीचे, खालचे अंग वेटोळ्याचे किंवा माशाच्या शेपटीचे, हात छातीशी वा पोटाशी जोडलेले. युरोपीय जलपरी आणि कोकणच्या देवळातली नागीण यांच्यामधली सीमारेषा येथे पुसली गेली आहे. हे काम कोणी केले? गोव्याच्या पहिल्या धर्मप्रांतीय परिषदेने १५६७ साली असे ठरविले होते, की ख्रिस्ती लोकांनी क्रूस, मूर्ती आणि पूजापात्रे यांसारख्या वस्तू बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत. जी गोष्ट घडत नाही तिला बंदी करण्याचे कारण पडत नाही. हिंदू सुतार, सोनार आणि नक्षीकार यांच्यावाचून नव्या नगरीचे काम अडत होते, हेच त्या ठरावातून उघड होते. पुढे धर्मांतर केलेले कारागीरही त्याच परंपरेतले होते. त्यांचा धर्म बदलला तरी हाताचे वळण बदलले नव्हते. मात्र यांपैकी कोणीही आपले नाव कपाटावर कोरले नाही. ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्या कुळांची चिन्हे कधी कधी सापडतात. ज्यांनी ते घडविले त्यांची सही म्हणजे करवतीचा ओरखडा, रंध्याची लाट आणि सांध्याचा कोन, एवढीच. या साक्षीचे मोल त्यामुळेच असामान्य आहे.

पुढील काळात या वस्तूंची पांगापांग झाली. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने जेझुइटांना हद्दपार करून त्यांची मालमत्ता जप्त केली. १८३५ साली गोव्यातील उरलेले धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. साथींनी जर्जर झालेले जुने गोवे आधीच रिकामे होत चालले होते. १८४३ साली राजधानीचा मान पणजीला अधिकृतपणे मिळाला. मठांतले सामान चर्चमध्ये, चर्चमधले वाड्यांत, वाड्यांतले परदेशात असा प्रवास होत राहिला. १८८१ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, स्पॅनिश व पोर्तुगीज अलंकरणकलेचे प्रदर्शन भरले. ‘इंडो-पोर्तुगीज’ ही संज्ञा कलेच्या इतिहासात तेव्हापासून रुळली. गोव्यातील सुतारांच्या कामाला युरोपात नाव मिळाले ते असे, त्यांच्या पश्चात दोनशे वर्षांनी; आणि त्या नावातही सुतार नव्हताच. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्यानंतर पुरावस्तू आणि कलानिधी यांविषयीचा १९७२ चा कायदा १९७६ पासून अंमलात आला आणि शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. हस्तिदंताच्या बाबतीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा त्याहून कडक आहे. अशा जडावाचे कपाट विकण्यापूर्वी वा घेण्यापूर्वी कायदा समजून घेणे आवश्यक ठरते.

असे एखादे कपाट समोर आले म्हणजे त्याची परीक्षा कोठून सुरू करावी? बहुतेक लोक समोरून सुरू करतात आणि तेथेच फसतात. दर्शनी बाजू ही वस्तूची बोलण्याची बाजू असते; खरे बोलते ती पाठ. सर्वप्रथम सर्व खण बाहेर काढून उजेडात उलटे ठेवावेत. खणाच्या तळाची फळी हाताने कापलेली असेल तर तिच्यावर करवतीचे सरळ, किंचित वेडेवाकडे, असमान अंतराचे ओरखडे दिसतात. वक्र, कमानीसारखे आणि एकसारख्या अंतरावरचे ओरखडे हे गोल करवतीचे होत. ही करवत अठराव्या शतकाच्या अखेरीस निघाली आणि एकोणिसाव्यात पसरली. सतराव्या शतकाचे म्हणून सांगितलेल्या कपाटात असे ओरखडे आढळले, तर निदान ती फळी तरी मागाहूनची असली पाहिजे.

त्यानंतर सांधे पाहावेत. खणाची समोरची फळी आणि बाजूची फळी जेथे मिळतात तेथे पुष्कळदा कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते एकमेकांत बसविलेले असतात. हाताने कापलेले दाते कधी सारखे नसतात. एक रुंद, एक अरुंद, आणि कारागिराने आखणीसाठी ओढलेली बारीक रेघ अजून शिल्लक. अगदी एकसारखे दाते म्हणजे यंत्राचे काम. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचे नसते. जडावाच्या पातळ लाकडी पत्र्याचीही अशीच गोष्ट आहे. करवतीने कापलेला जुना पत्रा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जाड असतो. यंत्राने काढलेला कागदासारखा पातळ.

लाकूड आडव्या दिशेने आकसते, उभ्या धाग्याच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. दोन-तीनशे वर्षे झालेल्या फळीने हा नियम पाळलेलाच असतो. खणाच्या तळाच्या फळ्यांत फट पडते, लाकडी खुंटीचे डोके भोवतालच्या लाकडाहून केसभर वर येते आणि मूळचा गोल आकार मोजला असता किंचित लंबगोल भरतो. जी वस्तू अतिशय जुनी म्हणविते आणि जिच्यात कोठेही आकुंचनाची खूण नाही, तिच्याविषयी शंका घ्यावी. झीज कोठे आहे हेही पाहावे. खण ओढताना जेथे घर्षण होते तेथे, जेथे बोटे लागतात तेथे, पायांच्या तळाशी जेथे केरसुणी व पाणी लागते तेथे झीज हवी. जेथे हात पोहोचत नाही तेथली झीज ही बहुधा कानशीने केलेली असते.

किडीची भोके हा तर खोट्या जुनेपणाचा आवडता दागिना. खऱ्या भोकाचे तोंड लहान व गोल असते, कारण किडा आत राहतो आणि फक्त बाहेर पडण्यासाठी पृष्ठभाग फोडतो. पृष्ठभागावर किड्याच्या वाटा उघड्या, नाल्यासारख्या लांब दिसू लागल्या, तर जुने पोखरलेले लाकूड पुन्हा कापून नवे कपाट बनविले आहे, असे समजावे. खिळे आणि स्क्रूही साक्ष देतात. लोहाराने ठोकलेल्या खिळ्याचे अंग चौकोनी व डोके ओबडधोबड असते. गोल अंगाचा तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. टोकदार स्क्रू त्याच शतकाच्या मध्यापासूनचा. त्यापूर्वीच्या स्क्रूला टोक नसे आणि त्याच्या डोक्यावरची खाच बहुधा मध्यावर नसे. कुलपावर इंग्रज कंपनीचे नाव असल्यास तेही ताडून पाहावे. उदाहरणार्थ, चब या प्रसिद्ध कुलपाचे पेटंट १८१८ सालचे आहे.

तथापि असा एखादा दोष सापडला म्हणजे सारे कपाट खोटे, असा निकाल देणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. तीनशे वर्षे वापरात असलेल्या वस्तूला दुरुस्ती लागतेच. एखाद्या मठातून वाड्यात आलेल्या कपाटाला एकोणिसाव्या शतकात नवे कुलूप बसले असेल, वाळवीने खाल्लेली पाठ बदलली असेल, एका कपाटाच्या खाली दुसऱ्याचा चौरंग आला असेल. परीक्षकाचे काम निकाल देण्याचे कमी आणि थर वेगळे करण्याचे अधिक असते. मूळचे कोणते, पुढे भर घातलेले कोणते, आणि फसविण्यासाठी केलेले कोणते. प्रामाणिक दुरुस्तीही त्या वस्तूच्या चरित्राचाच भाग असते.

येथून निगेचा प्रश्न सुरू होतो, आणि कपाटांचा सर्वांत मोठा नाश येथेच होतो. वाळवीने जितकी कपाटे खाल्ली नसतील तितक्यांची साक्ष हौसेने पुसली आहे. घरात लग्नकार्य निघाले की जुने सामान ‘नव्यासारखे’ करण्यासाठी पॉलिशवाल्याच्या स्वाधीन होते. तो काचकागदाने वरचा थर घासून काढतो, फटींत भुसा व डिंक भरतो, काळपट पितळ व तांबे चकचकीत करतो आणि शेवटी लाखेच्या पॉलिशचा आरसा चढवितो. लाख भारताचीच, पण तिच्या आरशासारख्या पॉलिशची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाली. सतराव्या शतकाच्या कपाटाला ते मूळचे तेज नव्हतेच. अशा एका आठवड्यात हाताच्या स्पर्शाने आणि काळाने आलेला रंग जातो, रंध्याची लाट जाते, आखणीची रेघ जाते. ज्या कारागिराची दुसरी सही नाही, त्याची ही एकुलती एक सही पुसली जाते, आणि ती पुन्हा कोणालाही करता येत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट हवेची. लाकडाला ओल आणि उष्णता यांपेक्षा त्यांतला एकाएकी होणारा बदल अधिक बाधतो. कोकणपट्टीत पावसाळाभर हवा ओलीचिंब असते आणि हिवाळ्यात ती पुष्कळ कोरडी होते. पण हा फेर सावकाश होतो आणि जुन्या लाकडाने तो शेकडो वेळा सोसलेला असतो. दिवसा थंड, कोरडी हवा करणारे आणि रात्री बंद राहणारे यंत्र असलेल्या खोलीत मात्र तोच फेर रोज होतो. जडावाचे तुकडे उचलू लागतात ते अशाने. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे मागून वारा खेळतो आणि वाळवीची माती चढू लागल्यास दिसते. फरशीची ओल पायांना लागू नये म्हणून पायांखाली लाकडाचे पातळ ठोकळे द्यावेत. थेट ऊन लागू देऊ नये; शिसवीचा रंग उन्हाने उडतो.

दुसरी गोष्ट किडीची. जुन्या भोकांची तोंडे काळपट झालेली असतात. त्यांची भीती नाही. भोकाखाली फिकट, ताजी भुकटी सांडू लागली तर कीड जिवंत आहे असे समजावे. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण मागाहून बसविलेल्या हलक्या लाकडाच्या फळ्या तिचे पहिले भक्ष्य होतात. तेव्हा तपासणी तेथून सुरू करावी. दर पावसाळ्यापूर्वी व नंतर सर्व खण काढून आतून पाहण्याचा नेम ठेवला, तर बहुतेक संकटे आरंभीच कळतात. कीड आढळल्यास रॉकेल किंवा इतर तेल ओतू नये. त्याने डाग पडतात आणि जडाव सुटतो. वस्तू वेगळी ठेवून संग्रहालयातील जाणकारांचा सल्ला घ्यावा. जुने गोवे येथील सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. जुन्या वस्तूंची निगा कशी घेतली जाते ते अशा ठिकाणी प्रत्यक्ष पाहता येते.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. कोरडे, मऊ सुती कापड आणि मऊ कुंचला एवढे पुरे. जडावाचा तुकडा उचललेला असेल तर तेथे कापडही फिरवू नये. धाग्यात अडकून तो निघून येतो. हस्तिदंताला पाणी लावू नये. तो फुगतो व तडकतो. मुलाम्याच्या तांब्याला चिंच, लिंबू किंवा बाजारी पॉलिश लावल्यास काळेपणाबरोबर सोनेही जाते, आणि गेलेले सोने परत येत नाही. अळशीचे तेल लाकडाला ‘पाजण्याची’ चाल पुष्कळ घरांत आहे. जुने लाकूड तहानलेले नसते. ते तेल वर्षानुवर्षे चिकट व काळे होऊन धूळ धरते. वर्षातून एकदा, तेही थर शाबूत असल्यास, मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि कापडाने पुसून घ्यावा.

उरली ती हाताळणी. खण अडत असेल तर रंधा मारू नये; ज्या पट्टीवर तो सरकतो तिला पांढरी मेणबत्ती घासावी. पावसाळ्यात फुगलेला खण हिवाळ्यात आपोआप मोकळा होतो. जोर करून ओढल्यास समोरची फळी हातात येते. खणाला दोन कड्या असतील तर दोन्ही धरून ओढावे. कपाट हलविताना खण आधी काढावेत आणि कोणता खण कोठला हे दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे, कारण हाताने घडविलेला खण आपल्याच घरात बसतो, शेजाऱ्याच्या घरात नाही. कपाट वरच्या फळीला धरून उचलू नये. चौरंग वेगळा करून प्रत्येक भाग खालून धरावा. तुकडा सुटल्यास तो नाव-जागा लिहून पाकिटात जपावा आणि कुशल मेस्त्रीकडून सरसाने चिकटवून घ्यावा. हाडाच्या सरसाचा गुण असा की तो ऊब आणि ओल देऊन पुढे केव्हाही सोडविता येतो. आजचे कृत्रिम डिंक एकदा धरले की सहसा सोडत नाहीत. आज केलेली दुरुस्ती उद्याच्या अधिक जाणत्या माणसाला मोडता आली पाहिजे, हा या विद्येचा पहिला नियम.

शेवटी एक काम असे आहे, की त्याला ना पॉलिश लागते ना पैसा. कपाट कोणाकडून, केव्हा आणि कोठून आले, कोणत्या साली काय दुरुस्त झाले, हे एका कागदावर लिहून, खण आणि पाठ यांची छायाचित्रे जोडून, तो कागद त्याच कपाटाच्या खणात ठेवावा. ज्या काळी ते घडले त्या काळी हे कोणी केले नाही आणि घडविणाऱ्याचे नाव कायमचे गेले. ते आता परत मिळणार नाही. पण त्याच्या हाताच्या खुणा अजून खणाच्या तळाशी आहेत. त्या पुढच्या माणसाला वाचता याव्यात, एवढे पाहणे ज्याच्या घरी ते कपाट आहे त्याच्या हाती आहे.